सालीचा कांदा

दि. ९ जून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचल्याचं कार्ड मिळालं असेलच. आता सविस्तर लिहिते. खोली बरी आहे. एक खिडकी, एक शेगडी, आणि शेगडीच्या वर आधीच्या भाडेकरणीने ठोकलेला एक दणकट खिळा. त्याला काय अडकवायचं ते अजून सुचलेलं नाही.

काम बियाणं तपासायचं. ओल्या कागदावर चिमट्याने शंभर दाणे मांडायचे, दहा दहाच्या ओळींत. मग कागद गुंडाळून उबेच्या कपाटात ठेवायचा आणि सातव्या दिवशी उघडायचा. नीट उगवलेले, वाकडे उगवलेले आणि मेलेले, असे तीन रकाने भरायचे. दाणे मांडताना माझी जीभ बाहेर येते म्हणून सगळ्या हसतात. तू मला मुंगी का म्हणतेस ते त्यांना न सांगता कळलं.

आम्ही सातजणी आहोत आणि सातजणी सात ठिकाणच्या. दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत पंगत असते. प्रत्येकीने आपल्या भागातलं काहीतरी करून आणायचं, लांब टेबलावरचे ट्रे बाजूला सारून डबे मधोमध उघडायचे, आणि ते कोणाच्या हाताखाली शिकलो हे सांगितल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही. समुद्राकडची एक आहे, तिचा डबा उघडला की खोलीला भरती येते. डोंगराकडची सगळं धुरावर वाळवून आणते. एक वयस्कर बाई आहेत, त्या दर बुधवारी लोणचंच आणतात, म्हणून त्यांना लोणचंकाकू म्हणतात. आमच्या वरच्या, म्हणजे मोठ्या बाई, सगळ्यांचं चमचा चमचा घेतात आणि कोणालाच नावं ठेवत नाहीत. मी पहिल्या बुधवारी रिकाम्या हाताने गेले. माझा स्वयंपाक तुला माहीत आहे. लाज वाटली गं.

गुरुवारी मात्र गंमत झाली. डबे ठेवायला भिंतीत प्रत्येकीचा एक खण आहे. माझ्या खणात एक गोल डबा होता, पांढऱ्या फडक्यात, वर दोन गाठी. सकाळच्या पाळीतल्या कोणा बाईने दया येऊन ठेवला असावा. आत पातळ पोळ्यांच्या घड्या होत्या आणि घड्यांत हिरवं, धुरकट, शेवटी जिभेवर गोड होणारं काहीतरी होतं. असं मी जन्मात खाल्लं नव्हतं. डबा घासून ठेवलाय. खणात नुसता ठेवून देऊ ना?

भाऊजींना नमस्कार. पत्राची वाट पाहते. अशीच माया असू दे.

तुझी,
मुंगी


दि. १४ जून

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. पाकीट उलटं करून मी तेच पुन्हा चिकटवलंय, तेव्हा उघडताना फाडू नकोस, अजून एकदा चालेल. हसलीस ना? हस. नोकरदार बाई झालीस.

इकडे सगळं ठीक. ह्यांचा गुडघा पायऱ्यांवर कुरकुरतो आणि त्याहून जास्त हे कुरकुरतात. परसातल्या वेलाला भोपळे लागलेत, रोज सकाळी पूजा झाली की मोजते. मॅट्रिकला गणितात मिळालेले गुण कुठेतरी कामी यायला हवेत.

आता डब्याचं. नुसता ठेवून देऊ का, असं विचारतेस? आईची मुलगी ना तू? आपल्या घरातून परक्याचं भांडं रिकामं कधी गेलेलं नाही. शेजारीण वाटी मागायला दारात उभी आणि डब्यात साखर नाही, तेव्हा आईने मिठाचा खडा घालून दिली होती, आठवतं? तिला जाऊन चार वर्षं झाली म्हणून रीत जात नाही. डब्यात काहीतरी घाल आणि मग ठेव.

सोपं सांगते. भोपळ्याच्या सालींची चटणी कर. सालं पातळ चिरून सावलीत एक दिवस सुकव. कोरड्या तव्यावर टाक, तेल अजिबात नाही, आणि हलवत राहा. कान दे. आधी ओलसर फसफस ऐकू येते, मग आवाज बदलून कोरडी कुरकुर होते. तो बदलला की तीळ, मिरची, मीठ. आईने मला आवाजावर शिकवली, डोळे मिटून. फुकट जाणाऱ्या सालींत केवढी चव असते ते तुझ्या पंगतीला कळू दे.

तुला येणारा एकच पदार्थ म्हणजे कांद्याचा भात, तो मात्र बाहेर देऊ नकोस. आई तो पाहुण्यांनाही करत नसे. तीन अख्खे कांदे निखाऱ्यावर काळे करायचे, भाताच्या पोटात पुरायचे, आणि एकाची साल तशीच ठेवायची. तू लहान होतीस, तुला मूळ गोष्ट ठाऊक नसेल. एकदा घाईत आईच्या हातून एक कांदा सोलायचा राहिला आणि नेमका बाबांच्या पानात आला. तिचा चेहरा पडला, तर बाबांनी सांगितलं की हा नशिबाचा कांदा, आणि सालीसकट खाल्ला. तेव्हापासून ती मुद्दाम एक ठेवायची. ज्याच्या पानात येईल त्याला त्या दिवशी भांडी माफ. आपण दोघी त्यासाठी किती भांडलो! लग्नानंतर हे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा ह्यांच्या पानात आला. आई म्हणाली की आता जावई घरचे झाले, आणि हे इतके लाजले की उठून सगळी भांडी घासून आले. तर तो भात सुट्टीत आलीस की इथे, आपल्या चुलीवर.

देवापुढे रोज तुझ्यासाठी एक वात जास्त लावते. जपून राहा, आणि आठवणीत असू दे.

तुझी,
ताई


दि. २४ जून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

चटणी जमली! तू सांगितलंस तसा आवाज बदलला आणि मी एकटीच खोलीत टाळी वाजवली. डबा भरून खणात ठेवला, वर माझ्या दोन गाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा परत माझ्या खणात. भरलेला आणि गरम. आत काळ्या दाण्यांचं दाट काहीतरी होतं, खिरीसारखं, पण खारट, आणि तळाशी एक फळ, ज्याची बी मऊ होती. ताई, वर्णन करता येत नाही. खाताना आपण कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बसलोय आणि पाठीमागे कोणी वाढायला उभं आहे असं वाटतं.

मग मी आंबट डाळ केली, तुझ्या वहीतून उतरवून आणलेली, आईची. ती दिली. परत दुसरंच काही आलं. आता रोज चाललंय. बुधवारी तोच डबा मी पंगतीत उघडला. आता रागावू नकोस. सगळ्यांनी बोटं चाटली आणि विचारलं की हे तुमच्याकडचं का, आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं. माझ्या ताईने शिकवलं, असंही सांगितलं. समुद्राकडची म्हणाली की अशी ताई असती तर ती नोकरीला आलीच नसती.

एक विचारायचं होतं. चटणी काल स्वतःसाठी करायला घेतली तर जमेना. तुझं पत्र समोर ठेवून वाचत होते, शब्द सगळे कळत होते, पण हात चालेना. सालं तव्यावर नुसती पडून राहिली. आवाजच आला नाही. पुन्हा एकदा नीट लिहून पाठव ना. आणि नवीनही काही सांग, माझ्याकडचं संपत आलंय.

हल्ली दुसऱ्या कशाला चव लागत नाही. खाणावळीचा भात तर कागद. भाऊजींना नमस्कार, आणि मला रागे न भरता लिहीत जा.

तुझी,
मुंगी


दि. १ जुलै

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

रागे भरू नकोस म्हणतेस आणि खोटं बोलल्याचं स्वतःच कळवतेस. दुसरीच्या हातचं आपलं म्हणून सांगायचं, हे कोणाकडून शिकलीस? त्या बाईला शोध, नमस्कार कर, आणि पंगतीत खरं सांगून टाक. दोन दिवस हसतील, तिसऱ्या दिवशी विसरतील.

चटणी पुन्हा लिहायची म्हणून म्हटलं, आधी करून बघावी, म्हणजे मोजमाप चुकणार नाही. ह्यांनीही मागितलीच होती. सालं चिरून तवा ठेवला आणि उभी राहिले. मुंगे, मला पुढचं आठवेना. तेल घालायचं की नाही? कशाची वाट बघायची असते? घालतात तसं तेल घातलं. हे एक घास खाऊन म्हणाले की ही काही तुझी चटणी नव्हे, त्या चटणीला आधी वास यायचा आणि मग चव. मी म्हटलं, चटणीला काय आधी आणि काय नंतर. वय झालं, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी आंबट डाळ करायला गेले तर तीच गत. आंबट आधी की मीठ आधी? हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर ती माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे. वाचून केली. डाळ झाली, आंबटही झाली, पण कोण्या अनोळखी घरची. हे लोणच्याशी जेवले.

उगाच मनाला लावून घेत नाही. सकाळी स्तोत्र म्हटलं तर एक ओळ चुकली नाही, म्हणजे डोकं ठिकाणावर आहे. पण थोडे दिवस डब्यात नवं काही घालू नकोस. आधी बाई कोण ते कळू दे. तशी काळजी नाही, पण लगेच लिही.

तुझी,
ताई


दि. ११ जुलै

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं तेव्हा उशीर झाला होता. तुझ्या वहीतलं बाकीचंही देऊन झालंय. वाटाण्याचे वडे, ताकातला पालक, बाबांना ताप आला की आई करायची ती पेज. दिलं की दुसऱ्या दिवशी माझ्याकडून ते होत नाही. मला वाटलं, मला कधी येतच नव्हतं.

बुधवारचं सांगते. डब्यात त्या दिवशी पानांत गुंडाळून निखाऱ्यात भाजलेले पिठाचे गोळे आले होते, आत आंबट फळाचा गर. लोणचंकाकूंनी एक फोडला, तोंडात घातला आणि चावायच्या थांबल्या. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाल्या की हे त्यांच्या सासरचं. सासूबाई करायच्या, जावा करायच्या, त्या स्वतः करायच्या. एका वर्षी अचानक घरातल्या कोणालाच जमेना. कोणाला पीठ आठवेना, कोणाला पान. भांडणं झाली, एकमेकींवर आळ घेतले, चुली वेगळ्या झाल्या. एका जावेकडे तेव्हा कुठूनसा डबा यायचा, एवढं त्यांना आठवतं. तेव्हापासून त्या फक्त लोणचं आणतात, कारण ते माहेरचं. त्यांनी मला विचारलं की मुली, हे तुझ्या घरचं कसं?

मग मी खरं सांगितलं. सकाळच्या पाळीतल्या बाईचं आहे म्हणाले. मोठ्या बाईंनी चमचा खाली ठेवला आणि सांगितलं की सकाळची पाळी इथे नाही, कधी नव्हतीच.

त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. इथे नवी येणाऱ्या प्रत्येकीच्या खणात पहिल्या आठवड्यात हा डबा येतो. त्यांच्या खणात आला होता, समुद्राकडचीच्याही आला होता. प्रत्येकीने खाल्लं, घासून ठेवला, आणि डबा गेला तो गेला. कोणी त्याबद्दल बोलत नाही इतकंच. मग त्यांनी विचारलं की तू त्यात काही घातलंस का. मी म्हटलं, आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. ताई, डोंगराकडचीने आपली खुर्ची जरा पलीकडे ओढली. फरशीवर तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

डबा आता माझ्या खोलीत आहे, त्या खिळ्याला अडकवलेला. बरोबर बसला, जणू त्याच्यासाठीच ठोकला होता. मला हे संपवायचंय. पण इतके दिवस कोणाच्या हातचं खाल्लं, आणि शेवटी रिकामा तोंडावर ठेवायचा? आईला आवडलं नसतं. चांगल्यात चांगलं देऊन, हात जोडून निरोप घ्यावा असं वाटतं. माझ्याकडे एकच उरलंय. येत्या रविवारी करते.

काळजी करू नकोस. भाऊजींना नमस्कार. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
मुंगी


दि. १५ जुलै, तातडीने

मुंगे,

आशीर्वाद आहेतच, मायना नंतर लिहीन. तुझं पत्र आत्ता आलं, हात पिठाचे आहेत, डाग पडले तर पडू देत.

कांद्याचा भात घालू नकोस. घालू नकोस. घालू नकोस.

मी वही घेऊन बसले. एका बाजूला तुझ्या पत्रांतलं, डब्यात काय काय दिलंस ते, दुसऱ्या बाजूला माझ्या हातून काय काय गेलं ते. दोन्ही बाजू सारख्या. वाटाण्याचे वडे तर ह्यांनी मागेपर्यंत मला माहीतच नव्हतं की ते मी करायचे. ह्यांना सगळं आठवतं, कारण हे खाणारे. करणाऱ्यांच्या हातून जातं. हे काल म्हणाले की अगं, तुझ्या आईची पेज, चमच्याने भरवायची ती. पेज ह्यांना आठवते आणि मला आठवत नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण कशाचं वाईट वाटून घ्यायचं तेच सापडेना. हे सगळ्यात भयंकर.

आईचं माझ्याकडे काय आहे? दागिने होते ते तिने तेव्हाच मोडून आपली शिक्षणं केली. आवाज विसरत चालला. तिचा हात तेवढा आपल्या दोघींच्या हातांत होता. एक एक करून तोही दिला, आणि द्यायला मीच सांगितलं. तुझा यात दोष नाही.

तुझं पत्र वाचून आधी चुलीकडे धावले. तीन कांदे, दोन सोललेले, एक सालीचा. जमला! भात जमला गं. पहिला घास आईच्या तसबिरीपुढे ठेवला आणि रडले. सालीचा कांदा माझ्या पानात आला, हे म्हणाले की भांडी माफ.

आता ऐक. डबा स्वच्छ घास, फडकं धू, आणि रिकामा, अगदी रिकामा खणात ठेव. साखरेचा दाणा नको, मिठाचा खडा नको. आईची रीत मोडल्याचं पाप माझ्या माथी. देवापुढे तसं हात जोडून सांगितलंय. पत्र मिळाल्याची उलट टपाली खूण दे.

ताई


दि. १७ जुलै

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत दोन ओळी. काल रविवारी सकाळी भात केला. शेगडीवर कांदे नीट काळे होईनात म्हणून घरमालकिणीकडून निखारे मागून आणले. वास इतका आपल्या घरचा आला की मागे वळून बघितलं. एकाची साल ठेवली. स्वतः एक घासही घेतला नाही, सगळा डब्यात भरला, हात जोडले, आणि आज सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन खणात ठेवला.

दुपारी खण रिकामा होता. डबा गेला ताई! परत आला नाही. सुटले.

तुझी,
मुंगी


दि. २३ जुलै

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं तातडीचं पत्र पोचलं. दोनदा वाचलं, मग घाबरून तिसऱ्यांदा. तू बरी आहेस ना? ताप वगैरे? कारण मला काही उमगलं नाही. कांद्याचा भात घालू नकोस असं तीन तीनदा लिहिलंयस. कोणता भात गं? जूनमधल्या पत्रातही तू त्याबद्दल अर्धं पान लिहिलंयस. मला तो एकच पदार्थ येतो म्हणे. मला तर काहीच येत नाही, जगजाहीर आहे! आणि त्यात आईचा हात काय, पाप काय. आईला भाताची आवड होती का? मला नीट आठवत नाही, मी लहान होते.

माझी तब्येत उत्तम. खाणावळीचं जेवण आता गोड लागतं. डबा पुन्हा आलेला नाही. बुधवारी मी पाव नेला आणि कोणाकडून शिकले विचारलं तर म्हटलं, दुकानदाराकडून. कोणी हसलं नाही. लोणचंकाकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. का, ते कळलं नाही.

या आठवड्याच्या कागदावर माझे अठ्ठ्याण्णव उगवले. एक वाकडा, एक मेलेला. मोठ्या बाईंनी मेलेला दाणा नखाने फोडून दाखवला. वरून अगदी धडधाकट, आत पोकळ.

भाऊजींना नमस्कार सांग, आणि स्वतःला जप.

तुझी,
मुंगी


दि. ३० जुलै

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे, घाबरू नकोस. काय लिहिलं होतं मी त्या पत्रात? तू कळवलंस तसं वाचून मलाच हसू आलं. पिठाच्या हाताने लिहायला बसले असेन, भलतंच काही उतरलं.

बाकी तू मोठी कावेबाज झालीस. पत्रात अवाक्षर नाही, आणि डबा पाठवून मोकळी! काल पूजा आटोपून दार उघडलं तर पायरीवर फडक्यात बांधलेला डबा, वर दोन गाठी. कोणाच्या हाती पाठवलास? ठेवून तसाच निघून गेला बिचारा, पाणी प्यायलासुद्धा थांबला नाही. आणि काय जादू केलीस? तुझ्याकडून इथवर सतरा तासांचा रस्ता, पण झाकण उघडलं तर वाफ आली.

तुमच्या पंगतीतल्या कोणाच्या भागातलं गं हे? आपल्याकडचं नाही खास. भातात कांदे घातलेत, अख्खे, निखाऱ्यावर काळे केलेले. असा भात मी कधी पाहिला नव्हता. चव मात्र फार चांगली, धुरकट आणि गोड. सवयीने पहिला घास तसबिरीपुढे ठेवला आणि आम्ही दोघं जेवलो. खाताना पाठीमागे कोणी वाढायला उभं आहे असं वाटत होतं, म्हणून मी दोनदा वळून बघितलं.

करणारी बाई घाईत असावी, कारण तीनपैकी एका कांद्याची साल काढायचीच राहिली होती. तो नेमका ह्यांच्या पानात आला. ह्यांनी घास तसाच खाली ठेवला. मला वाटलं खडा लागला. मग तो कांदा उचलून माझ्या पानात ठेवला आणि म्हणाले की हा तुझा. म्हटलं, सालीचा कांदा मला कशाला? तर उठले, आणि मुंगे, विश्वास बसणार नाही, सगळी भांडी घासून आले. पाठमोरे होते, पण खांदे हलत होते. कांदा तिखट असणार. मी साल काढून खाल्ला, टाकायचा कशाला.

हे आज सकाळी म्हणाले की तो डबा नदीत टाकून ये. चांगला जाड, झाकण घट्ट बसणारा डबा, कोणी टाकतं का? घासून, पुसून ठेवलाय. फडकं वाळतंय. सासूबाईंनी शिकवलेल्या तिळाच्या वड्या केल्यात, त्या ह्यांना जीव की प्राण, त्या भरते आणि उद्या पहाटे होता तिथेच पायरीवर ठेवते. तुझा माणूस घेऊन जाईल.

पत्र पाठव. माया आहे ती अशीच जपू.

तुझी,
ताई

ता. क. परक्याचं भांडं रिकामं परत करू नये, असं आपल्याला लहानपणी कोण सांगायचं गं? सकाळपासून आठवतेय. ह्यांना विचारलं तर उठून बाहेर गेले.